वर मी उभी आहे

आमच्या गल्लीतून कुणीही पुण्याला निघालं, की सुंदरामावशी दारात आडव्या यायच्या. "मेट्रोनं जानार व्हय? मग ऐका." आणि तिथल्या जमिनीखालच्या स्टेशनातून वर कसं यायचं ते एका दमात सांगायच्या. "गाडीतून उतरलीस की आधी भिंतीला टेकून उभी राहा. गर्दी जाऊ दे. मग जेवायच्या हाताला वळ. सरकत्या जिन्यावर पदर सावर. तिकीट मुठीत ठेव, कमरेला खोचू नकोस. घाबरू नकोस. वर मी उभी आहे."

माझ्या मिशीवाल्या नवऱ्यालाही त्यांनी पदर सावरायला लावलं होतं. तो बिचारा मान डोलावत राहिला. मला हसू आवरेना. "अहो मावशी, तुम्ही इथं सोलापुरात. वर कशा उभ्या असाल?"

"ते तसंच हाय," त्या म्हणाल्या. "मदीच तोडू नगंस."

मावशी मूळच्या मंद्रूपच्या. शहरात जन्म गेला तरी बोलणं गावचंच राहिलं, सगळ्याला हाय आणि न्हाय. 'आहे' त्यांच्या तोंडी फक्त त्या एका ठिकाणी यायचं. ते त्यांचं नव्हतंच, रेखाचं होतं. रेखा त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्यात नर्स होती. मावशींना जमिनीखाली उतरायची भारी धास्ती. "मेल्याबिगार मातीखाली कशाला जायाचं?" म्हणून टाळत राहिल्या. पण रेखाही त्यांचीच लेक. खाली फोन लागेल न लागेल, म्हणून तिनं आधीच आईकडून हे सगळं फोनवर घोकून घेतलं. पहिल्या खेपेचं मावशी लई रंगून सांगायच्या. "जिन्यावर डोळं मिटूनच हुते. उगडले तर ही म्होरं उबी. मला बगून रडतीया येडी."

मग रेखा गेली. साधा ताप म्हणता म्हणता आठवड्याच्या आत गेली. मावशी पुन्हा पुण्याला गेल्या नाहीत, लेकीचं नावही घेईनाशा झाल्या. सांगणं मात्र सुटलं नाही. एकदा पुण्याहून आलेला एक पाहुणा म्हणाला, त्या स्टेशनातून वर यायचं ते दार सध्या बंद आहे, दुसरीकडून वर यावं लागतं. मावशींचा चेहरा पार उतरला. "असं नगा म्हनू," त्या म्हणाल्या. "पोरगी ताटकळंल की."

त्यानंतर गल्लीत त्यांना कुणी मध्ये तोडलं नाही. मी तर नाहीच.

त्यांच्या शेवटच्या दुपारी दवाखान्यात मीच जवळ होते. हात गार पडले होते. "लई खाली आल्यावानी वाटतंय गं," त्या पुटपुटल्या. "कुणीकडं जायाचं?"

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "मावशी, गर्दी जाऊ द्या. जेवायच्या हाताला वळा. घाबरू नका."

त्या वाट बघत राहिल्या. "आन वर? हाय का ती?"

"आहे, मावशी. वर उभी आहे."

मावशींनी अंगावरच्या चादरीचं टोक चाचपून हातात धरलं आणि पदरासारखं सावरून घेतलं.