ताईच्या गाडीतली ऊब

मिस्त्रीची थोरली बहीण गॅरेजात आली ती काखेत खोकं मारूनच. टेबलावरचे पाने-पक्कड तिने कोपराने बाजूला सारले, खोकं ठेवलं आणि म्हणाली, "हा हीटर. माझ्या गाडीत बसवून दे."

मिस्त्रीने चष्मा कपाळावर चढवला. "ताई, तुझ्या गाडीला हीटर आहे."

"इंजिन चालू असेपर्यंत आहे. मला इंजिन बंद असताना हवाय."

तिला तो कशाला हवाय ते मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं.

ताईची गाडी सव्वीस वर्षांची. उंच, चौकोनी, आतून पिंपासारखी खडखडणारी, पण गुडघाभर बर्फातूनही वाट काढणारी. मंगळवार, गुरुवार, शनिवार, असे तीन दिवस ती डोंगरावरच्या वस्तीतून दोन तास खाली शहरातल्या इस्पितळात जायची. ताईच्या नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा हे सुरू झालं. त्याच दुखण्याचे आणखी दोघं वाटेत चढायचे, एक निवृत्त हेडमास्तर आणि एक शिवणकाम करणाऱ्या बाई. चार वर्षांपूर्वी ताईचा नवरा गेला. सहाव्या दिवशी मंगळवार होता. हेडमास्तरांनी घरी सांगून टाकलं होतं, की आता आपलं आपण बघायला हवं. आणि सकाळी सहाला दाराशी हॉर्न वाजला. ताईचे डोळे सुजलेले होते, पण हात स्टिअरिंगवर होते. "चला सर, उशीर होतोय," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तिचा एकही वार चुकला नाही.

पंचाईत वेगळीच होती. हेडमास्तरांचं डायलिसिस आधी आटपायचं, शिवणवाल्या बाईंचं त्यानंतर दीड तासाने. अंगातलं सगळं रक्त यंत्रातून फिरून आलं की माणसाला हुडहुडी भरते, आडवं व्हावंसं वाटतं. इस्पितळाच्या बोळात एक बाक होता, तोही नेमका दाराच्या फटीसमोर. म्हणून सर गाडीतच मागच्या सीटवर आडवे व्हायचे, अंगावर दोन घोंगड्या घेऊन. इंजिन चालू ठेवावं तर धूर थेट वॉर्डाच्या खिडकीत. एका शनिवारी सरांचे ओठ निळे पडलेले ताईने पाहिले आणि त्याच आठवड्यात खोकं मागवलं.

काम तसं सरळ होतं. बुटांच्या खोक्याएवढा तो हीटर गाडीच्या टाकीतून थेंबथेंब डिझेल घेतो, आपल्या पोटात जाळतो आणि गरम हवा आत सोडतो. त्याचा धूर इंजिनाच्या मानाने चिमूटभर, पण तोही वेगळ्या नळीने बाहेर गेला पाहिजे. मिस्त्रीने हीटर पुढच्या सीटखाली बसवला, टाकीत तेलाची बारीक नळी सोडली आणि धुराची नळी गाडीच्या तळाखाली काढून दिली. दोन दिवसांत काम फत्ते! बटण दाबलं, पंप टकटकायला लागला आणि पाच मिनिटांत काचांवरचं दव पळालं.

ताईने वाकून गाडीखाली पाहिलं. "धूर इथेच सोडलास?"

"मग कुठे सोडू, छपरावर?"

"इस्पितळात मला कुठे उभं राहावं लागतं माहितेय का तुला? एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला बर्फाचा ढीग. खाली सोडलेला धूर जाईल कुठे?"

मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तीस वर्षं गाड्या उघडतोय मी, ताई."

"उघड की. मी कुठे अडवलंय?"

तिने वाद घातला नाही. गाडी गॅरेजामागे नेली, भिंत आणि बर्फाच्या ढिगाच्या मधोमध उभी केली. पिशवीतून हाताच्या पंजाएवढं यंत्र काढलं. विषारी वायू आला की किंचाळणारं ते यंत्र तिने मागच्या सीटवर ठेवलं, बरोबर सरांची उशी असते तिथे. "आत कुणी बसायचं नाही," असं बजावून तिने हीटर लावला आणि दारं बंद केली. मग बहीणभाऊ बाहेर थंडीत हातात चहाचे पेले घेऊन काचेतून आत बघत उभे राहिले. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. मिस्त्रीच्या मिशीत हसू फुटायला लागलं होतं.

अठराव्या मिनिटाला यंत्र किंचाळलं.

मिस्त्रीने चहा बर्फात ठेवला आणि वाकून गाडीखाली टॉर्च मारला. सव्वीस वर्षांत गाडीचा तळ चार ठिकाणी गंजून फुटला होता. गालिच्याखालची ती भोकं त्याला दिसलीच नव्हती. त्याने पाहिलीच नव्हती, हे जास्त खरं. ताई एक शब्द लावून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने दारं सताड उघडली, हीटर बंद केला आणि विचारलं, "गुरुवारपर्यंत होईल?"

"गुरुवार नाही. शनिवार. गुरुवारी माझी गाडी ने. पण ह्या खेपेला मलाच शोभेल असं करतो."

गालिचा उखडून त्याने प्रत्येक भोकावर पत्रा जोडला. धुराची नळी मागे नेऊन, किंचित उताराने, गाडीच्या कडेच्या पार बाहेर काढली. गाडी पुन्हा त्याच भिंतीशी उभी राहिली. ह्या वेळी दीड तास. यंत्र गप्प. ताईने आणखी अर्धा तास थांबायला लावलं.

शनिवारी तो स्वतःच गाडीत बसून गेला, म्हणाला नळी तपासायला. इस्पितळाच्या आवारात ताईने आधी फावड्याने नळीसमोरचा बर्फ साफ केला. यंत्र सरांच्या उशाशी टांगलं आणि मगच त्यांना हाताला धरून आणलं. त्यांचे बूट काढले, पाय उचलून सीटवर घेतले. कुठे धरलं की त्यांचा हात दुखत नाही, हे तिला न विचारता ठाऊक होतं. पुढच्या सीटवरून मिस्त्री बघत राहिला. आपली बहीण हे आठवड्यातून तीनदा करते, एवढं त्याला माहीत होतं. हे असं करते, हे माहीत नव्हतं.

दहा मिनिटांत सरांनी एक घोंगडी बाजूला सारली. "टोपीसुद्धा काढू म्हणतो," ते म्हणाले आणि टोपी हातात धरूनच घोरायला लागले.

दीड तासाने शिवणवाल्या बाई आल्या, ताईच्या खांद्याचा आधार घेत. आत शिरल्या, बसल्या, आणि डोळे मिटून घेतले. ताईने किल्लीला हात घातला तसं त्या म्हणाल्या, "थांबा ना जरा. घरी पोचले की पुन्हा चूल पेटवण्यापासून सुरुवात आहे. इथं आयती ऊब आहे."

"बसा निवांत," ताई म्हणाली. तिने किल्लीवरचा हात काढून घेतला. सर घोरत होते. ताईने स्वतःचे मोजे काढून गरम हवेसमोर पाय धरले आणि भावाला म्हणाली, "तूही काढ की."