पोह्यांचा चमचा
नंदुरबारच्या बाहेर पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानावर, मिरच्या वाळायला पडल्या की त्यांची खाट, तो घशाला झोंबणारा वास, घरात शिरते आणि मला सासऱ्यांचा खोकला आठवतो. कोरडा खोकला थांबेना म्हणून डॉक्टरांनी अफूच्या वर्गातलं औषध दिलं होतं, टोपणाने मोजून पाच मिली. सासऱ्यांनी टोपण बाजूला ठेवलं, पोह्यांचा चमचा काठोकाठ भरून दोनदा घेतला आणि वर नेहमीची झोपेची गोळी. दुपारी मी कामावरून आले तर घर शांत. "निजू दे त्यास्ले, खोकला बंद व्हई गया ना," सासूबाई खुशीत म्हणाल्या. पण सासऱ्यांचा श्वास इतका सावकाश चालला होता की पुढच्या श्वासाची वाट पाहावी लागत होती. हलवलं, हाका मारल्या, डोळे उघडेनात. रिक्षात घालून दवाखाना गाठला. "हे औषध घशावर नाही, मेंदूवर काम करतं," इंजेक्शन देता देता डॉक्टर मलाच ओरडले, "जास्त झालं, त्यात झोपेची गोळी घेतली, की खोकल्याबरोबर श्वासही थांबतो!" त्या गोळीचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सासरे वाचले. तिसऱ्या दिवशी घरी येऊन मी बाटली शोधली, तर जागेवर नाही. "शेजारीण खोकली ऱ्हायनी व्हती, तिले दी टाकी," सासूबाई म्हणाल्या, "चमचा बी दिना." मी तशीच धावले आणि शेजारणीच्या हातातून बाटली हिसकावून आणली. याला वर्षं झाली. ती अजून माझ्याशी बोलत नाही, पण मिरचीच्या दिवसांत भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकू येतो आणि माझं तेवढ्यावर भागतं.