पत्रावळी मोजणाऱ्याचं लग्न

लग्न ठरलं तेव्हा मी भित्री होते असं सांगितलं की माझ्या नाती हसतात. त्यांना वाटतं, आजी जन्मली तीच भाजीवाल्याशी हुज्जत घालत. नाही गं बायांनो. दारावर पोस्टमन आला तरी मी आधी आत जाऊन पाणी प्यायचे आणि मग कडी काढायचे. अशा मुलीच्या वाट्याला नवरा कोण यावा, तर ज्याच्यावर अर्धं इंदूर दात खाऊन होतं तो.

मध्यभारताची ती वर्षं. सरकार काही महिने इंदूरला आणि बाकीचे ग्वाल्हेरला असायचं, त्यामुळे माझे वडीलही कपाटं आणि फायलींबरोबर ग्वाल्हेरला गेलेले. आई मी लहान असतानाच गेली होती. लग्नाची तयारी कोण करणार? वडिलांनी जाता जाता सांगून टाकलं, की जावई सरकारी खात्यातले आहेत, त्यांना नियम ठाऊक आहेत, ते म्हणतील तसं करा. म्हणजे आचारी, मांडव, बँड हे सगळं आम्ही दोघांनीच ठरवायचं. आमच्या मागून दहा पावलांवर आत्या चालायची. आत्याचं काम एवढंच, की आमच्यामधलं अंतर कमी होऊ द्यायचं नाही. ते कमी होण्याचा तसा धोका नव्हता. मी भीतीनं, आणि ते स्वभावानं, बाजूबाजूला सरकूनच चालत होतो.

हे पुरवठा खात्यात होते. धान्य रेशनवर होतं, आणि लग्नाकार्यात ठरावीक पाहुण्यांपेक्षा जास्त माणसांना धान्याचं अन्न वाढायला बंदी होती. बंदी सगळे मोडायचे. पुढच्या अंगणात पन्नाससाठ पानं आणि मागच्या अंगणात उरलेलं गाव. म्हणून खात्याचे साहेब अचानक लग्नघरी जायचे, आणि त्यांच्या मागोमाग पंगतीतून वाकून पत्रावळी मोजत जायचं काम आमच्या ह्यांचं. यांना ना थट्टा कळायची, ना कानाडोळा करता यायचा. मागच्या अंगणातही जायचे.

परदेशीपुऱ्यात एका मिलच्या मुकादमाच्या मुलीचं लग्न होतं. यांनी मोजलेला आकडा साहेबांना सांगितला आणि साहेबांनी चुलीवरचा भात उतरवून सील लावलं. वऱ्हाड उपाशी परत गेलं. मुकादम नुसता हात जोडून उभा राहिला म्हणे. ही गोष्ट यांनीच मला सांगितली, पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा, राजवाड्यासमोर, अगदी कोरड्या आवाजात. नवऱ्या मुलानं होणाऱ्या बायकोला सांगायची ही गोष्ट! मला वाटलं होतं, साडीचा रंग विचारतील.

भीती खरी सुरू झाली ती त्याच दिवशी. मांडववाल्याच्या दुकानापाशी एक दांडगा माणूस सायकलवरून उतरला आणि यांना लवून नमस्कार करून म्हणाला, "साब, सुना है शादी है आपकी. हम सब आएँगे."

एवढंच बोलून गेला. मी विचारलं, कोण? हे म्हणाले, तोच मुकादम.

त्यानंतर इंदूरभर तेच. कापडाच्या दुकानात, पिठाच्या गिरणीवर, टांग्याच्या अड्ड्यावर कुणी ना कुणी गोड हसून विचारायचं, भिया, तारीख कौन सी है, हम सब आएँगे. आमंत्रण दिलेलं नसताना माणसं इतक्या आनंदानं येणार म्हणतात तेव्हा काय समजायचं? ते येऊन पंगतीत बसणार. बसलेल्या माणसाला पानावरून कोण उठवणार? आणि आकडा वर गेला की त्यांच्यातलाच एकजण साहेबांना कळवणार. यांची नोकरी हंगामी होती. त्याच खात्यातल्या एका कारकुनाला घरच्या बारशात जास्त पानं मांडली म्हणून घरी बसवलं होतं. यांच्या पगारावर सासूबाई आणि दोन धाकटे दीर होते. नोकरी गेली तर ते तिघे उपाशी, चौथे हे, आणि पाचवी मी, हळदीच्या अंगानं.

मी काय करावं? मी नातेवाईक गाळायला लागले. दिसेल त्या माणसाकडे पान म्हणून बघायचे. चुलतमामा आजारी आहेत असं कळलं तेव्हा मला काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही. मामा बरे झाले आणि जेवायला आले, एवढं सांगते.

मांडववाल्याकडे मी हळूच म्हटलं, कनात जरा उंच लावता येईल का, रस्त्यावरून काही दिसू नये अशी. हे म्हणाले, कनात लावायचीच नाही. "लपवायचं काय आहे? बघू दे कुणालाही." मांडववाल्याचा चेहरा पडला, त्याचं अर्धं भाडं कनातीचंच होतं. उघडा मांडव म्हणजे रस्त्यावरून मोजता येणारी पंगत. बँडवाल्याला मी विचारलं, थोडा धीरे बजाओगे क्या? त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाला, "बाईजी, धीरे ही बजवाना है तो हमको काय को ले जा रहे हो?" बँड राहूनच गेला. सनईवाला एक म्हातारा ठरवला, त्याचा दम कमी होता, ते मला फार आवडलं.

आचाऱ्याचं मात्र जमेना. एकेकाकडे जायचो, यांना पाहिलं की त्याला त्या तारखेला नेमकं दुसरं काम असायचं. सराफ्याजवळच्या तिसऱ्या की चौथ्या दारातून तसेच परतलो तेव्हा आत्या भर रस्त्यात भडकली. तिचं म्हणणं, सगळं जग मागच्या अंगणात जेवू घालतं, तुम्हीच काय ते हरिश्चंद्र.

"नियम म्हणजे नियम," हे म्हणाले.

"मग जावईबापू, असं करा. सगळ्या गावाला एकादशी वाढा."

आत्यानं टोमणा मारला होता. मी सांगितलंच, यांना टोमणा कळत नसे. हे टांग्यांच्या गर्दीत मध्येच उभे राहिले. मागून टांगेवाला ओरडतोय, घोड्याचं तोंड यांच्या खांद्याशी, आणि हे म्हणतात, "आत्या, साबुदाणा नियमात येत नाही."

आत्याचं तोंड उघडं ते उघडंच.

शिंगाडा येत नाही. राजगिरा येत नाही. बटाटे, रताळी, दाणे, काही येत नाही. हे बोटांवर मोजत सुटले, पत्रावळी मोजतात तसेच. धान्यच नाही तर आकडा कसला? मुकादम अख्खी परदेशीपुऱ्याची गल्ली घेऊन आला तरी काय बिघडणार होतं? भगरीवर मात्र अडलं. भगर धान्यात धरायची की नाही हे यांनाही सांगता येईना, आणि खात्यात विचारायला जाणं म्हणजे वाघाला पत्ता देणं. भगर टाकली.

आता तुम्ही म्हणाल, सुटलीस. कुठची सुटते! एका भीतीच्या जागी दोन आल्या. लग्नाच्या पानावर वरण-भात नाही, तुपाची धार नाही, उपासाचं वाढलेलं! घरी येऊन आत्या देवापुढे बसली आणि मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाली, की जी बोहल्यावरच उपास घेऊन चढते तिला पुढे काय मिळणार. मी रडले. तांदळाच्या डब्यात हात घालून रडले, इतकी मी मूर्ख. दुसऱ्या दिवशी आत्याला ऐकू जाईल अशा बेतानं, पण खाली बघत, मी यांना विचारलं, की अपशकुन झाला तर?

हे म्हणाले, "नोकरी माझी आहे, पण लग्न दोघांचं आहे. तुम्ही सांगाल तसं. भात म्हणालात तर भात."

तोवर मला कुणी विचारलं नव्हतं, भात की पोळी, एवढंसुद्धा. मी अपशकुनाला घाबरत होते, पण त्या मुकादमाच्या हसण्याला जास्त घाबरत होते. मी म्हटलं, साबुदाणा. शूर होते म्हणून नाही हो. दोन भुतांपैकी जे अजून दिसलं नव्हतं ते निवडलं.

लग्नात उपासाचं करायला आचारी तयार होईना. एकजण हसला, एकानं कानाला हात लावले. तयार झाला तो एकच, आणि तो कोण, तर परदेशीपुऱ्याच्या त्या लग्नात ज्याच्या हातचा भात सील झाला होता तोच महाराज. यांना पाहून म्हणाला, "आइए साब, आज गिनने नहीं आए?" आणि आमचं सगळं ऐकून घेऊन लगेच हो म्हणाला. किती लगेच! भांडीकुंडी, माणसं, सरपण, सगळं माझ्यावर सोडा, म्हणाला. वर हसला.

त्या हसण्यानं माझी झोप उडवली. सूड म्हणून त्यानं शिंगाड्याच्या पिठात मूठभर गव्हाचं पीठ मिसळलं तर कुणाला दिसणार आहे? पुरी तर आणखी छान फुगेल. आणि साहेब जेवायला येणार होते, यांनीच बोलावलं होतं. मी यांना म्हटलं, दुसरा बघू या. हे म्हणाले, दुसरा नाही. ते खरंच होतं.

लग्नाच्या दिवशी माझं मंगलाष्टकांकडे लक्ष नव्हतं. अंतरपाटाच्या कडेखालून मी उघड्या मांडवाबाहेरचे पाय बघत होते. जोडे, चपला, अनवाणी, येतच होते. अक्षता पडल्या आणि मान वर केली तर रस्त्यापर्यंत माणसं. मुकादम सगळ्यात पुढे, बायकामुलांसकट. त्याची ती मुलगीही होती, माझ्याच वयाची, नवऱ्याबरोबर आलेली. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मी मुंडावळ्यांच्या आड लपायचा प्रयत्न केला. दोन मोत्यांच्या सरांआड कोण लपतं? पण मी प्रयत्न केला.

पंगती बसल्या. कुणाला अडवलं नाही. पानावर खिचडी पडली, बटाट्याची भाजी, रताळ्याचा गुळातला कीस, राजगिऱ्याचा लाडू, गरम पुऱ्या. आधी एकदम शांतता झाली. मग कुजबुज. एका म्हातारीला एकादशीच वाटली, तिनं मोठ्यानं विचारलं, आज ग्यारस है क्या? मग कुणीतरी खुसकन हसलं, आणि सगळी पंगत हसायला लागली. मुकादम हसला नाही. तो खाली मान घालून जेवला, पुन्हा खिचडी घेतली, हात धुतले आणि यांच्यापुढे येऊन उभा राहिला.

"साब," तो म्हणाला, "पेट भर के खाया, और गिनती में भी नहीं आए. हमारी लड़की के टाइम पे बता देते तो?"

माझ्या नवऱ्याचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिला, तो असा ओशाळलेला. ह्यांनी हात जोडले. मुकादमानंही जोडले, आणि त्याच्या मुलीनं जाताना माझ्या ओटीत एक नारळ टाकला.

तेवढ्यात साहेबांनी पुरी मोडली.

मी बघत होते. त्यांनी ती नाकाशी नेली, बोटांत चुरली, उजेडात धरली. मागे दारात महाराज झारा हातात घेऊन उभा, आणि तोच हसरा चेहरा. साहेबांनी बोटानं यांना बोलावलं. माझी गाठ यांच्या उपरण्याला बांधलेली, त्यामुळे मलाही जावं लागलं, नाहीतर मी नक्की न्हाणीत जाऊन कडी लावली असती.

"हा आचारी कुठला?" साहेबांनी विचारलं.

हे म्हणाले, "पुरीत काही आहे का, साहेब?"

"शिंगाडाच आहे. फक्त शिंगाडा." साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न आहे. मी कुणाला सांगितलेलं नाही, तरी लोकांना कळलंय. काल टांगेवाला म्हणाला, हम सब आएँगे."

ज्यांना थट्टा कळत नाही असं मी इतका वेळ सांगतेय, ते हे, साहेबांना म्हणाले, "आचारी देतो, साहेब. पण तिथे पत्रावळी मोजायला मला पाठवू नका."

"मग कुणाला पाठवू?" साहेब म्हणाले. "बाकी कुणी मागच्या अंगणात जात नाही."

पुढच्या महिन्यात हे साहेबांच्या मुलीच्या लग्नाला गेले, मोजून आले. नियमाप्रमाणे मोजण्याजोगं एकही पान निघालं नाही. मी पाहुणी म्हणून गेले होते, आणि नव्या नवरीनं लाजायचं असतं हे विसरून पुऱ्या दोनदा मागून घेतल्या. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मला कोपरानं ढोसलं, पण वाढपी परत फिरला तेव्हा आपलंही पान पुढे केलं.