कलेक्टरसाहेब जेवत नाहीत

आमच्या उदगीरला जिल्हा काही मिळाला नाही, पण कलेक्टर मिळाला होता. तो आमच्या बैठकीत पिंजऱ्यात राहायचा आणि आकारानं लिंबाएवढा होता.

मामा, म्हणजे माझे सासरे, 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'वाल्यांपैकी. झेंडावंदन जवळ आलं की गावात बातमी उठायची, की यंदा घोषणा होणार, वरून पक्कं कळलंय. मग सगळे रिटायर गडी आमच्या बैठकीत जमायचे, चहा प्यायचे, एक निवेदन लिहायचे आणि जेवायच्या वेळेला घरी जायचे. त्या वर्षी तर दुष्काळानं कहर केला होता. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या नळाला कधी पाणी येईल ते नळालाही माहीत नव्हतं. आणि ह्यांना जिल्हा पाहिजे! मी म्हणायची, "मामा, आधी नळ मागा, जिल्हा मागून मागा." त्यावर मामा शांतपणे सांगायचे, "जिल्हा झाला की नळ आपोआप येतो, सूनबाई."

अशा घरात माझा नवरा नांदेडहून लेकीच्या वाढदिवसाला हॅमस्टर घेऊन आला. तो तिकडं रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला, बहिणीकडं राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. मी दारातच तोंड सोडलं. घरातले उंदीर मारायला मी औषध आणते आणि हा बाबा पैसे देऊन उंदीर विकत आणतो! पण लेक पिंजऱ्याला चिकटून बसली होती, माझं कोण ऐकतंय.

मामांनी दोन दिवस त्या प्राण्याचं निरीक्षण केलं. दिवसभर झोपतो. गाल भरलेले. दिवे लागले की उठतो, चाकावर चढतो, जीव तोडून पळतो आणि आहे तिथंच राहतो. "आरं, हे तर कलेक्टर हाय!" मामा म्हणाले, आणि तेच नाव पडलं.

मे महिन्यात लेकीला आम्ही नांदेडला आत्याकडं पाठवलं. तिथं निदान रोजची आंघोळ तरी व्हायची. कलेक्टरला त्या उन्हात एसटीतून नेलं असतं तर वाटेतच भाजून निघाला असता, म्हणून तो मागं राहिला. जाताना लेकीनं मामांचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला.

"आबा, मी रोज संध्याकाळी फोन करणार. तुम्ही मला त्याच्या चाकाचा आवाज ऐकवायचा. आवाज आला म्हणजे तो बरा आहे."

"ऐकवतो की."

"त्याला काही झालं तर मी तुमच्याशी कधीच बोलणार नाही."

मामा हसले, पण तिच्या डोक्यावरचा हात काही काढला नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यापासून मामांना घरात बोलायला ती पोरगीच होती. आमच्याशी ते नुसते सूचना द्यायचे.

सुरुवातीचे काही दिवस झकास गेले. दिवेलागणीला फोन वाजायचा, मामा स्पीकर चालू करून फोन पिंजऱ्याला लावायचे, आत चाकाची चर्र चर्र, आणि तिकडून पोरगी खिदळायची. मग एका दुपारी मामांच्या मित्रांपैकी एका मास्तरांची नजर पिंजऱ्यात गेली. कलेक्टरनं शेंगदाणे दोन्ही गालांत कोंबले होते. ही त्यांची जातच तशी असते, लेकीनं आम्हाला दहादा सांगितलं होतं. पण मास्तर चष्मा सारून म्हणाले, "ह्याला गालगुंड झालंय."

मामांचं तोंड उतरलं. मी भाकरीचं पीठ हाताला असतानाच बाहेर पळत आले, म्हणाले, "अहो शेंगदाणे आहेत ते!" पण तोवर मास्तर चप्पल घालून निघाले होते आणि बातमी त्यांच्याही पुढं गेली होती.

आमच्याकडं कुणी आजारी पडलं की भेटायला जावंच लागतं. नाही गेलं तर माणसं दहा वर्षं लक्षात ठेवतात, "आमचं हाड मोडलं तवा आला न्हवता." आणि भेटायला गेलं म्हणजे पेशंटला उठवायलाच पाहिजे, नाहीतर आल्याचं त्याला कळणार कसं? उठवायचं, कधीपासून होतंय ते विचारायचं, आणि हाच आजार होऊन वर गेलेल्या एखाद्या माणसाची गोष्ट सांगायची. त्यानं पेशंटला धीर येतो असा समज आहे.

तर लोक कलेक्टरला भेटायला येऊ लागले. आधी मामांचे सगळे सोबती आले, मग गल्ली आली. देगलूरचे एक व्याही बाजाराला म्हणून आले होते, ते पण डोकावून गेले. येणारा प्रत्येकजण पिंजऱ्यावर टिचक्या मारायचा. "साहेब, उठा. ओ साहेब! जिल्ह्याचं काय झालं?" कुणी बिस्किटाचा पुडा आणला, कुणी सफरचंद. एकानं नारळ आणला. लिंबाएवढ्या जनावराला नारळ! मी विचारलं, फोडून देऊ का डोक्यावर ठेवू?

आणि आल्या माणसाला पाणी द्यावंच लागतं ना. माझ्या घरात त्या वेळी कुकरमध्ये पाणी, परातीत पाणी, देवाच्या तांब्यात पाणी, मामांना निरोप समारंभात मिळालेल्या थर्मासात पाणी. कोण किती तांबे घेतो त्यावर मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची. आणि हे लोक "पाणी नको, पाणी नको, दुष्काळ हाय" म्हणत गटागटा ग्लास रिकामा करायचे. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

आणि मग खरंच कलेक्टर आजारी पडला. आधी दिवसा झोपायचा, आता दिवेलागणीलाही उठेना. भुशात तोंड खुपसून गप पडून राहायचा. वाटीतली बाजरी जशीच्या तशी. शेंगदाणा नाकाशी धरला तरी तोंड फिरवायचा. चाक नुसतं उभं.

पहिल्या संध्याकाळी फोन वाजला. मामांनी पिंजऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी हळूच पिंजऱ्याचं दार उघडलं, एक बोट आत घातलं आणि चाक फिरवायला लागले. चर्र चर्र चर्र. "ऐकू येतंय का बाळा?"

आज तिकडून खिदळणं नाही, नुसतं, "येतंय, आबा."

तेव्हापासून हेच रोजचं काम झालं. ज्या माणसानं आयुष्यात चहाचा कप स्वतः उचलून ठेवला नाही, तो माणूस रोज संध्याकाळी उकिडवा बसून उंदराचं चाक फिरवायचा. बोट दुखलं की बोट बदलायचा.

शेजारच्या चाची आल्या. त्या मला सासूसारख्याच, रागवायला तर जास्तच. त्यांनी पिंजऱ्यात वाकून बघितलं आणि निकाल दिला, "अगे, इसकू नजर लगी है. सारा गांव देख के जारा." मग मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसक्यानं मामा खोकले, मी खोकले, चाची खोकल्या. कलेक्टर शिंकला. "उतरी!" चाची म्हणाल्या. पण भूक काही आली नाही.

आता मामांनीही ताट बाजूला सारायला सुरुवात केली. म्हणे, ते लेकरू उपाशी आणि माझ्या घशाखाली घास कसा उतरंल? तेव्हा मात्र माझी सटकली. "एकाला समजत नाही म्हणून खात नाही. तुम्हाला तरी समजतं ना? चला, उठा, दवाखान्यात जाऊ!"

आमच्याकडं दवाखाना म्हणजे जनावरांचा सरकारी दवाखाना. बाहेर दोन म्हशी, पाच-सहा शेळ्या आणि मांडीवर पिंजरा घेऊन मामा. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टर खाली मान घालून हात पुसत होते. म्हैसच असणार म्हणून सवयीनं विचारलं, "किती वेताची?"

"नर हाय," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली. पिंजरा बघितला. मग परत मामांकडं बघितलं. "काका, माझ्याकडं आजवर आलेला सगळ्यात लहान पेशंट कोंबडी आहे. पण बघू या. शेण कसं टाकतोय?"

"मोहरीएवढं."

"पातळ?"

"न्हाई, खडखडीत."

त्यांनी कलेक्टरला दोन बोटांत धरून दात बघितले, डोळे बघितले, शेपटीखाली बघितलं, पोट चाचपलं. तेवढ्यात शेळ्यावाले आत घुसले. एकजण पिंजऱ्यावर टिचकी मारून म्हणाला, "ह्ये काय हाय वं?" दुसऱ्यानं शीळ घातली. कलेक्टर डॉक्टरांच्या हातातच चपटा झाला, कान मागं, अंग थरथर. डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि विचारलं, "घरी पण असंच असतं का?"

"छे, घरी लई माणसं असतात," मामा अभिमानानं म्हणाले. "सारखी ये-जा. भेटायला येतात लोक."

"मग हा झोपतो कधी?"

"दिवसभर झोपलेलाच असतो की!"

"काका, डोळे मिटून पडणं म्हणजे झोप नाही. हा रात्रीचा प्राणी, दिवस म्हणजे ह्याची रात्र. तुमच्या घरी रात्रभर माणसं आली, दर घटकेला तुम्हाला हलवून 'कसं वाटतंय' विचारलं, तर सकाळी तुम्ही न्याहारी कराल का?"

डॉक्टरांनी सांगितलं, ह्याला अंधाऱ्या, गार खोलीत ठेवा, पिंजऱ्याशेजारी ओलं फडकं टांगा, पाणी ताजं द्या, रोज हात लावू नका. आणि दोन दिवसांत खाल्लं नाही तर मात्र नांदेडला लहान प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडं न्या, वाट बघत बसू नका.

परत येताना मामा रिक्षात एवढंच म्हणाले, "माणसांना येऊ नका कसं सांगावं, सूनबाई?"

खरंच अवघड होतं. भेटायला आलेल्याला दारातून परत पाठवणं म्हणजे आमच्याकडं कायमचं वैर. आणि त्या चार मित्रांशिवाय मामांना तरी दुसरं होतं कोण? पण घरात पोचलो तर मास्तर आणि आणखी दोघं ओट्यावर हजर. मामा पिंजरा माझ्या हातात देऊन दारात आडवे उभे राहिले. मी मागून बघत होते. मामांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"काय म्हणतात साहेब?" मास्तरांनी विचारलं.

मामांनी घसा खाकरला. "साहेब दौऱ्यावर हायेत."

मला वाटलं, झालं, आता भांडण होतंय. पण मास्तरांनी मान डोलावली. "कधी येतील?"

"निश्चित सांगता येणार न्हाई."

"बराबर हाय," मास्तर म्हणाले, आणि तिघंही निमूट परत फिरले. एकाच्या तोंडावर राग नाही, रुसवा नाही. आयुष्यभर निवेदनं घेऊन लातूरला कलेक्टर कचेरीत खेटे घातलेली माणसं ती. ह्या एकाच उत्तरावर घरी परत जायची त्यांना सवय होती.

मामांना तर मग चेवच आला. "साहेब मीटिंगमधी हायेत." "साहेब व्हिडिओ कॉन्फरन्सवर हायेत." चाचींनी दुपारची सुपारी कातरायला आमचाच ओटा धरला आणि येणाऱ्याला लांबूनच हात करायला लागल्या, "साब नै है, कल आव." मी देवघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत पिंजरा ठेवला, फडकं माठाच्या पाण्यात भिजवून टांगलं. हो, माठाच्या. पिण्याच्या. माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

पहिल्या दिवशी काहीच नाही. संध्याकाळी फोन आला, मामांनी बोटानं चाक फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीतली बाजरी विस्कटलेली दिसली. मी उगाच आशा लावून घेतली नाही, म्हटलं मुंग्या असतील. पण मामा वाटीत नाक घालून दाणे बघत बसले आणि त्यांनी स्वतःहून मला चहा मागितला.

त्या संध्याकाळी फोन वाजला तेव्हा आम्ही दोघंही अंधारात खाली बसलो होतो. मामांनी सवयीनं पिंजऱ्याच्या दाराकडं बोट नेलं, तेवढ्यात भुसा हलला. साहेब बाहेर आले. मिश्या हलवल्या, पाणी प्यायले, एक शेंगदाणा गालात टाकला. मग चाकावर चढले. चर्र. थांबले. चर्र चर्र. परत थांबून कान खाजवला. मग जे सुटले ते सुटलेच.

मामांनी फोन पिंजऱ्याला लावला.

मग लेक म्हणाली, "आबा, आज तो पळतोय."

"रोजच पळतंय की, बाळा."

"नाही आबा. रोज तुम्ही पळत होतात. तो असा एकसारखा कधीच पळत नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं."

मामांनी फोन पिंजऱ्यावरून काढून तोंडाजवळ नेला. म्हणाले, "मग बोलली का न्हाईस? रागावली का न्हाईस?"

"आवाज आला की मला कळायचं, तुम्ही त्याच्याजवळ बसलाय," ती म्हणाली. "मग मला झोप लागायची."

मामांनी फोन माझ्या हातात दिला आणि तोंड धुवायला मोरीत गेले. एक तांब्या घेतला, दुसरा घेतला, तिसराही घेतला. चाक मागं चालूच होतं. मी काही त्यांना हटकलं नाही, उलट कुकरमधलं पाणीही नेऊन दिलं.