अजून जरा मागून

किस्से कोणी ठरवून जमा करत नाही. मोबाईलमध्ये फोटो साचतात तसे ते साचत जातात. एक दाखवायला काढला की बोट लागून पुढचा येतो, मग त्याच्या पुढचा. जो दाखवायचा नसतो तोही येतो.

आमचा डोणगावचा फोटोवाल्यांचा ग्रुप आहे. दर रविवारी सकाळी प्रत्येकाने मोबाईलवर एक फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी त्याची तारीफ करायची. विषय गुरुजी देतात. गुरुजी म्हणजे शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंगचे मास्तर. सलीमभाईंचं रोडवर पंक्चरचं दुकान आहे. शोभाताई दवाखान्यात नर्स. माझा दादा मिलिंद ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचा. मी नागसेन, सातवीतून शाळा सोडली, दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. ग्रुपमध्ये आणखी सात-आठ जण आहेत, पण किस्से होतात ते आमचेच.

दादा चार महिन्यांपूर्वी गेला. फोटो काढता काढता मागं सरकला आणि बिनकठड्याच्या विहिरीत पडला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर ऐकता ऐकता कोणीतरी विचारतं, आता कुठं असतो तुझा भाऊ? मोबाईल काठावरच पडलेला होता. त्यातला शेवटचा फोटो मी कोणाला दाखवला नव्हता.

* * *

तारीफ कशी चालायची ते ऐका. एका रविवारी विषय होता 'सावली'. सलीमभाईंचा फोटो आला तो पुरा काळा. वरपासून खालपर्यंत डांबर.

शोभाताईंनी लिहिलं, "अंधार किती खोल वाटतो हो."

कोणी लिहिलं, "असा फोटो टाकायला हिंमत लागते."

दादाने लिहिलं, "सलीमभाई, निरखून पाह्यलं तर आत एक माणूस दिसते."

दुपारी सलीमभाईंचा निरोप आला. "माफी असावी. मोबाईल खिशात दाबल्या गेला होता. मी टायर खोलून राह्यलो, फोटो संध्याकाळी टाकतो."

त्यावर गुरुजींनी लिहिलं, "हरकत नाही. खिसाही चांगला आला आहे."

नियम गुरुजींचाच होता. "नावं ठेवायला सारं गाव आहे. आपण दहा-बारा जण तरी एकमेकांना चांगलं म्हणू." तारीफ झाल्यावर एखादी सूचना करायची मुभा फक्त त्यांना होती.

* * *

गुरुजींचा दुसरा नियम याहून कडक. फोटो कापायचा नाही.

शोभाताईंनी एकदा नुकत्याच जन्मलेल्या पोरीचा फोटो टाकला. आजीच्या मांडीवर पोरगी, खिडकीतून ऊन आलेलं. सगळ्यांना आवडला. पण कोपऱ्यात फिनेलची बादली होती आणि तिच्यावर ओलं फडकं. शोभाताई म्हणाल्या, "गुरुजी, बादली तेवढी कापून टाका."

"ती बादली तुम्ही पाहिली होती का?"

"नाही ना, फोटो काढताना दिसलीच नाही."

"पण होती ना तिथं? मग राहील. जे आलं ते आलं. कापणारे आपण कोण?"

आठवड्यात जो फोटो सगळ्यात चांगला, तो ग्रुपच्या नावाशेजारच्या गोलात लावायचा मान होता. आठ दिवस तो तिथं राहायचा. आता चौकोनी फोटो गोलात बसवायचा म्हणजे कोपरे कापले जाणार. गुरुजी चारी बाजूंनी पांढरी जागा सोडायचे, म्हणजे फोटो बारीक होऊन पुरा आत मावायचा. शोभाताईंचा फोटो तसा लावला तेव्हा पोरगी मुंगीएवढी झाली.

सलीमभाईंनी लिहिलं, "गुरुजी, सोबत भिंग पाठवा."

बादली मात्र होती.

* * *

तीन वर्षांत दादाचा फोटो त्या गोलात एकदाही लागला नाही. तो फार जवळून काढायचा. म्हातारीचा काढला तर तिचा एक डोळा आणि अर्धं नाक. बैलाचा काढला तर नुसती वेसण.

आम्ही एकदा सगळे जीप करून रोहिणखेडला गेलो. जुनी मशीद पाहायची आणि तिथंच फोटो काढायचे. अकरा जणांनी एकाच कमानीचा एकाच जागेवरून फोटो काढला आणि परत येताना जीपमध्ये अकराही जणांनी एकमेकांची तारीफ केली. दादाने दगडातली एक फट काढली होती. फटीत चिमणीचं पीस.

गुरुजींनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "पीस सुंदर आहे मिलिंद. पण मशीद कुठाय?"

"हेच तर मशीद आहे गुरुजी."

"अजून जरा मागून घ्यायचा, बाबा. जरा मागं सरक, मग सगळं येतं."

प्रत्येक रविवारी तेच. सुंदर आहे, पण अजून जरा मागून. आम्ही घरीसुद्धा त्याला चिडवायचो. जेवायला ताटाजवळ बसला की मी म्हणायचो, "दादा, जरा मागून जेव." तो हसायचा. एकदा मी विचारलं, "तू काऊन इतक्या जवळ जातं बे? लोक वैतागतात."

म्हणाला, "दूर उभं राह्यलं की माणूस पोज देते, नाग्या. जवळ गेलं की इसरून जाते."

* * *

दादाला जाळून आलो, त्याच्या तिसऱ्या दिवशी रविवार होता. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचा निरोप मी सकाळी ग्रुपवर टाकला. वर दादाचा फोटो, खाली दिवस आणि वेळ. फोटो ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला. त्याच्या मोबाईलमध्ये हजारांनी फोटो होते, त्यात तो स्वतः कुठंच नव्हता.

निरोप गेला आणि दहा सेकंदांत सलीमभाईंचं उत्तर आलं. "क्या बात है. चेहऱ्यावर उजेड मस्त पडला."

मागोमाग दोन अंगठे आले.

मग सलीमभाईंनी लिहिलेलं पुसून टाकलं, पण मी वाचलं होतं. तासाभरात ते घरी आले, हाताला ग्रीस तसंच. ओट्यावर बसले आणि मान खाली घातली. "मी खांदा देला त्याले, नागसेन. मले मालूम नाही का? पण रविवार होता, फोटो आला, हात आपोआप चालला."

मी उठून त्यांना हाकलूनच देणार होतो. माय आतून आली. म्हणाली, "राहू दे. खोटं थोडंच लेह्यलं त्याईनं? उजेड हायेच त्याच्या तोंडावर."

सलीमभाई रडले. पुढचे दोन दिवस त्यांनी दुकान उघडलं नाही.

* * *

हा किस्सा मी कोणाला सांगत नाही. आज सांगतो.

कार्यक्रमाला गुरुजी आले. वंदना झाली, सगळे बसले होते. गुरुजींनी फुलं वाहिली, फोटोसमोर उभे राहिले आणि दोन पावलं मागं सरकले. फोटो नीट दिसावा म्हणून सरकले असतील. माझं डोकं फिरलं.

"अजून सरका ना, गुरुजी," मी म्हटलं. "तीन वर्षं तुमीच सांगून राह्यले होते त्याले, मागं सरक, मागं सरक. सरकला तो."

शंभरेक माणसं होती. भंतेजी थांबले. शोभाताईंनी माझा दंड धरला. गुरुजी बाहेर निघाले. चप्पल शोधायला त्यांना फार वेळ लागला.

त्यानंतर ग्रुपवर विषय आला नाही. रविवार यायचा आणि जायचा. महिन्याने शोभाताई शेतात मला शोधत आल्या. "गुरुजींनी मोबाईल कपाटात ठेवून दिला रे. बीपीची गोळी नेऊन दिली तरी घेत नाहीत. म्हणतात, पोराला मीच ढकललं."

"मग?"

"मग काय? जाऊन बोल त्यांच्याशी. तू रागात बोलला, एवढं तरी सांग."

मी ट्रॅक्टर चालू केला. आवाजात त्यांचं पुढचं ऐकू आलं नाही. मला ऐकायचंही नव्हतं. दादा पडला त्या दिवशी गुरुजी शेतात नव्हते. शेतात मी होतो.

* * *

त्या आठवड्याचा विषय होता 'आपलं माणूस'. दादा सकाळी मालकाच्या शेतात आला. मी विहिरीजवळ मोटर लावून ट्रॅक्टर धुतला होता. दादा नेहमीसारखा माझ्या तोंडापर्यंत मोबाईल घेऊन आला. मला ते नको होतं. धुतलेला ट्रॅक्टर, त्याला टेकून मी, असा फोटो मला पाहिजे होता. मी म्हटलं, "ट्रॅक्टर पुरा येऊ दे, दादा. अजून मागं हो." तो झाला. मी म्हटलं, "अजून." विहीर मला माहीत होती. रोज तिच्या कडेनं जातो. त्या वेळी ती माझ्या डोक्यातच नव्हती.

मागच्या रविवारी मी तो फोटो ग्रुपवर टाकला. ट्रॅक्टर पुरा आला आहे, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत. मी दात काढून हसतो आहे. उजवा हात पुढं केलेला, पंजा दादाकडे, जसं कोणाला लोटावं तसा. खाली मी लिहिलं, "मिलिंदनं काढलेला शेवटचा. हात मी मागं हो म्हणून केला आहे. गुरुजींचा काही दोष नाही. मी बोललो ते खोटं होतं."

आमच्या ग्रुपवर पहिल्यांदाच एका फोटोची कोणी तारीफ केली नाही. सगळ्यांनी पाहिल्याचं दिसत होतं. दुपारी मी शोभाताईंना फोन केला तर म्हणाल्या, "मी गुरुजींच्या घरी आहे. त्यांनी मोबाईल काढला आहे कपाटातून. पाहून राह्यले." एवढं बोलून त्यांनी ठेवला.

चारच्या सुमारास ग्रुपच्या नावाशेजारचा गोल बदलला. मी उघडून पाहिला. दादाने काढलेला तोच फोटो होता. चारी बाजूंना पांढरी जागा नव्हती. गोल भरून माझं हसणारं तोंड, मागं ट्रॅक्टरचं थोडं लाल. हात नव्हता.

खाली सलीमभाईंनी लिहिलं होतं, "पुरा आला फोटो."