शालीखालचा भाव

फ्रीमाँटच्या रविवारच्या बाजारात एक म्हातारा अफगाण गालिचे विकायचा. न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यापासून त्याच्याकडे फारसं कोणी थांबत नसे. भाव विचारला की तो हातावर शाल टाकायचा. आमच्या बैलबाजारात दलाल असेच रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात. माझे वडील दलालच होते. मी शालीखाली हात घालून त्याची बोटं धरली, तसा तो हसला.

"घोडे जिस रास्ते गए, ये हाथ भी उसी रास्ते गया होगा." त्याच्या मुलखातले घोड्यांचे व्यापारी पूर्वी आमच्याकडच्या बाजारांपर्यंत यायचे.

मग दर रविवारी आमची घासाघीस चालायची. माझ्या भागीदारानं मला वकिलाच्या पत्रानं दुकानातून काढलं होतं, समोर बसलासुद्धा नव्हता. तो राग मी त्या शालीखाली काढायचो.

एका रविवारी म्हाताऱ्यानं स्वतःचा बसायचा गालिचाच विकायला पुढे सरकवला. मुलगा त्याला कायमचा मिशिगनला नेणार होता. मी सवयीनं त्याच्या बोटांवर निम्मा भाव दाबला. त्यानं उलट बोट दाबलंच नाही.

"चाचा, भाव तो करो," मी चिडून म्हणालो.

"भाव वो करे, जिसे अगले इतवार आना है."

मग त्याच्या वतीनं मीच भाव वाढवत गेलो. त्याचा हात माझ्या हातात नुसता पडून होता.