हुपरीच्या गाडीसाठी खाल्लेलं रीळ

जुन्या सिनेमांतली खोट काढायचं वेड आमच्या टोळक्यात कुणी आणलं ते आता आठवत नाही, पण त्या वेडाचा म्होरक्या मीच होतो. दर रविवारी सकाळी एका मित्राच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानापुढच्या बाकावर आम्ही चौघे-पाच जण बसायचो, चहा मागवायचो आणि एखादा जुना सिनेमा घेऊन त्याची सालटी काढायचो. गोळी उजव्या खांद्याला लागली, मग पट्टी डाव्या हाताला कशी? वीस वर्षांनी परतलेला मुलगा आंधळ्या आईला पावलांवरून कळतो, मग धडधाकट डोळ्यांच्या बायकोला तो का ओळखू येत नाही? नायक तुरुंगातून पळाला की कळंब्याच्या जेलशेजारी राहणारा आमच्यातला एक जण हमखास पेटायचा. "आरं, आमच्या जेलच्या भिंतीवरनं मांजर उतरत न्हाय, आणि ह्यो हिरो धोतर नेसून उतरला व्हय?" घड्याळाचा पट्टा बदलायला आलेले पावणेसुद्धा आपलं मत देऊन जायचे. सिनेमावर मत नसलेला माणूस कोल्हापुरात मला अजून भेटायचा आहे.

या वादांत शेवटचा शब्द माझा असायचा, कारण माझा मामा टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. शाळा सुटली की मी थेट केबिनमध्ये. मशीनची घरघर, गरम झालेल्या पत्र्याचा वास आणि भिंतीतल्या वहीएवढ्या खिडकीतून दिसणारा पडदा, यात माझं लहानपण गेलं. त्यामुळं "मी केबिनमधनं बघितलाय" एवढं म्हटलं की समोरचा गप्प बसायचा. मोडेन पण वाकणार नाही हा आमचा खाक्या. बायको त्याला दुसरा शब्द वापरते.

सगळ्यात जुना वाद पैंजणांचा. सिनेमाचं नाव घेत नाही, घेतलं तर तो वाद नव्यानं सुरू होईल. गोष्ट अशी. चांदीकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्याची मुलगी. तिचा नवरा परमुलखात जायला निघतो आणि ती आपल्या पायातलं एक पैंजण त्याला खूण म्हणून देते. कित्येक वर्षांनी तो दाढी वाढलेला, खंगलेला असा दारात येतो आणि ते पैंजण पुढं करतो. ती धावत येते तर तिच्या दोन्ही पायांत पैंजणं! एक याच्या हातात, दोन हिच्या पायांत. हे तिसरं आलं कुठून?

माझं म्हणणं साधं होतं, दिग्दर्शकाला डुलकी लागली. घड्याळवाला मित्र मात्र मान हलवायचा.

"डुलकी न्हाय. मधी तिचा बाप दुसरं पैंजण करतोय की. पोरीचा मोकळा पाय बघून लोक कायबाय बोलत्यात म्हणून."

असा प्रसंग त्या सिनेमात नव्हता. निदान मी पाहिलेल्या सिनेमात नव्हता.

मित्र मूळचा हुपरीचा, घरोघरी चांदीकाम चालणाऱ्या गावचा. त्याचे वडील घरीच पैंजणं करायचे. त्यांना तो अप्पा म्हणायचा. एका रविवारी, बाकावर आम्ही सगळे असताना, त्यानं सांगितलं की हा सिनेमा त्यानं एकदाच, गावच्या जत्रेत आलेल्या तंबूत, अप्पांच्या मांडीला मांडी लावून पाहिला होता. पडद्यावरचा म्हातारा पैंजणाला डाख द्यायला बसला. चांदी सांधताना ज्योतीवर फुंकर मारायची जी फुंकणी असते, तिचं एक टोक वाकडं असतं आणि ते ज्योतीकडं ठेवायचं असतं. त्या नटानं नेमकं तेच तोंडात धरलं. दिवसभर मान खाली घालून काम करणारे, घरात शब्दही न काढणारे अप्पा त्या तंबूत मोठ्यांदा हसले आणि ओरडले, "आरं, फुंकणी उलटी धरलीयास की!" सगळा तंबू हसला. पुढच्या थंडीत अप्पा वारले. घरात त्यांचा एक फोटोही नव्हता. आई याला घेऊन कोल्हापुरात भावाकडं आली.

"अप्पाचं तोंड नीट आठवत न्हाय मला," मित्र म्हणाला. "आवाज आठवतोय. तेवढ्या एका वाक्याचा."

इथं शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं. पण मला वाद जिंकायचा होता.

"नऊ वेळा बघितलाय मी तो पिक्चर. केबिनमधनं. असा सीनच न्हाय त्यात. अप्पा दुसऱ्याच कुठल्या पिक्चरला हसलं असतील, न्हायतर तुला सपान पडलं असंल."

सगळे हसले. मित्रानं भिंग डोळ्याला लावलं आणि घड्याळावर वाकला.

त्या दिवसापासून आमच्यात एक नवा वाक्प्रचार रुजला. कुणी थाप मारली की आम्ही ओरडायचो, "ह्याची फुंकणी उलटी हाय!" पगार वाढवून सांगणाऱ्याची फुंकणी उलटी, पंचगंगेत हाताएवढा मासा सोडून दिला म्हणणाऱ्याची उलटी. मित्रही हसायचा. अशी वर्षं गेली, बाकावरची दोन माणसं गेली. एकदा पैंजणांचा विषय निघाला तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "सोड मर्दा. मलाच भास झाला असंल. बारका होतो की मी." मी मनात म्हटलं, आला शेवटी वाटेवर. आज हे लिहिताना माझी मला लाज वाटते.

गेल्या महिन्यात मुलीनं आमचा टीव्ही इंटरनेटला जोडून दिला. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर उगाच शोधत होतो, तर तो सिनेमा सापडला. कुणीतरी धुऊन पुसून स्वच्छ केलेला, अख्खा. आता नायक जाणार, मग पाऊस आणि मग थेट त्याचं परत येणं, असं तोंडानं म्हणत मी पाय पसरून बसलो होतो. नायक गेला. पण पाऊस आला नाही. दिव्यापुढं म्हातारा बसलेला दिसला. शेजारणी दारातून मुलीच्या मोकळ्या पायाकडं बघत होत्या. म्हाताऱ्यानं फुंकणी उचलली आणि तिचं वाकडं टोक तोंडात धरलं.

मी टीव्ही बंद केला आणि चपला घालून मामाकडं गेलो. मामा नव्वदीला टेकलाय, पण मशीनचा स्क्रू न् स्क्रू त्याला आठवतो.

"ते रीळ व्हय?" तो म्हणाला. "खाल्लं की आपण."

"खाल्लं?"

"खायालाच लागायचं. आपल्याकडं तो पिक्चर सहाच्या खेळाला असायचा, आणि हुपरीची शेवटची गाडी नऊला. निम्मं थेटर हुपरीचं. शेवट न बघताच माणसं उठून पळायची. मग एक रीळ गाळायचं. त्या रिळात ना गाणं, ना मारामारी. म्हातारा नुसता चांदी फुंकत बसलाय. ते कोण बघतंय?"

कोण बघतंय! हुपरीच्या माणसांना गाडी मिळावी म्हणून माझ्या मामानं नेमकं हुपरीच्या माणसांचं रीळ गाळलं होतं. गावातल्या तंबूत कुणाला गाडी पकडायची नव्हती, म्हणून तिथं सिनेमा पुरा दाखवला. आणि मी नऊच्या नऊ वेळा भोक पडलेला सिनेमा पाहून त्याच भोकाच्या जोरावर शहाणा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला मी फोन घेऊन मित्रापुढं उभा राहिलो. नुसता तो भाग लावून फोन काउंटरवर ठेवला. त्यानं डोळ्याचं भिंग काढलं. म्हाताऱ्यानं फुंकणी तोंडाला लावली तेव्हा मी पडद्याकडं नाही, त्याच्याकडं बघत होतो. त्याचे ओठ नुसते हलले.

मी मामाचं सगळं सांगितलं. गाडी, नऊची वेळ, खाल्लेलं रीळ. "माझं चुकलं," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा बोललेलो नाही.

त्यानं हातातलं भिंग काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "शनवारी अप्पा माल द्यायला कोल्हापूरला यायचं. त्याच नऊच्या गाडीनं परत यायचं. सहाच्या खेळाला बसत असतील का रं? आम्हाला कधी बोललं न्हाईत."

"बसत असतील," मी म्हणालो. मला ठाऊक नव्हतं, पण या वेळी मी वाद घातला नाही.

"म्हंजे गाडी चुकली न्हाय त्यांची कधी, ती तुझ्या मामामुळं," तो म्हणाला आणि फोन माझ्याकडं सरकवला. "पुन्हा लाव. आवाज वाढीव."

मी आवाज वाढवला. म्हाताऱ्यानं फुंकणी उचलली, आणि रस्त्यावरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यांदा माझा मित्र हसला.

"आरं, फुंकणी उलटी धरलीयास की!"